विंगेतली वही

मी प्रॉम्प्टरची वही बोलतेय. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही, आमचं सगळं काम कुजबुजीचं. रंगमंचाच्या कडेला, विंगेत, एका स्टुलावर बसलेल्या बाईच्या मांडीवर माझं आयुष्य गेलं. नट वाक्य विसरला की ती बाई माझ्यात बघून हळूच पुढचा शब्द सोडायची, आणि नट तो असा उचलायचा की जणू त्याला आत्ताच सुचलाय. टाळ्या त्याला, बोटांचे डाग मला.

तशी माझी तक्रार नव्हती.

सुरुवातीला मी नुसतं एक रजिस्टर होते. जाड पुठ्ठा, कापडी पाठ, दोनशे कोरी पानं. स्टेशनरीच्या दुकानात मला वहिनींनी उचललं, पाठीवर दोनदा चापट मारली आणि म्हणाल्या, "ही टिकेल." वहिनी म्हणजे नाटक कंपनीच्या मालकांची बायको, आणि कंपनीची प्रॉम्प्टरही. कंपनीत लहानथोर सगळे त्यांना वहिनीच म्हणत. मालक हे कंपनीचे मालक आणि मुख्य नटही. त्यांची एकुलती एक मुलगी चिऊ. नाटकातही ती त्यांची मुलगीच व्हायची.

नाटक लिहिलं होतं मास्तरांनी. शाळेत शिकवणारे, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेले, मालकांचे जुने मित्र. गोष्ट साधीच होती. रेल्वे फाटकावरचा एक माणूस एका दुपारी डुलकी काढतो, फाटक उघडं राहतं, आणि एक गाडी भरधाव येते. माणसं मरतात. ठपका फाटकावरच्याच त्याच्या जोडीदारावर बसतो. पुढं कित्येक वर्षांनी फाटकवाल्याच्या मुलीला खरं काय ते कळतं. "मी जाऊन सांगणार आहे," ती म्हणते, आणि हा तिचा गळा धरतो.

मास्तरांनी लिहिली ती मूळ संहिता. वहिनींनी तिची टाइप केलेली पानं माझ्या डाव्या अंगाला चिकटवली आणि उजवं अंग फेरफारांसाठी कोरं ठेवलं. त्या दिवसापासून मी रंगावृत्ती झाले. म्हणजे लेखकानं काय लिहिलं ते नव्हे, तर रंगमंचावर प्रत्यक्ष काय बोललं जातं ते सांगणारी.

वहिनींच्या खुणा ठरलेल्या होत्या. शिसपेन्सिलीची आडवी रेघ म्हणजे आजच्यापुरतं गाळा. शाईची रेघ म्हणजे कायमचं गाळा. रेघ मारल्यावर मन बदललं, तर शब्दांखाली टिंबं टिंबं द्यायची. त्याचा अर्थ, राहू दे.

पहिल्या वाचनाला नाटक चार तास चाललं. मास्तर सोडून सगळ्यांना जांभया येत होत्या.

"मास्तर, थोडी काटछाट करावी लागेल," मालक म्हणाले.

"कापा की," मास्तर म्हणाले. "पण मला विचारून कापा. कुठलं वाक्य खांब आहे आणि कुठलं नुसता पडदा, ते मला ठाऊक आहे. तुम्हाला नाही."

मग महिनाभर रोज संध्याकाळी माझ्यावर कात्री चालली. कुठं तीन वाक्यांचं एक झालं, कुठं प्रवेश पुढचा मागं गेला, कुठं मास्तरांनी कुरकुरत नवा मजकूर लिहून दिला. मला ते आवडायचं. केस नीट कापून मिळाल्यावर माणसाला जसं हलकं वाटतं, तसं वाटायचं. पडदा उघडला तेव्हा नाटक पावणेतीन तासांचं होतं आणि त्यात एक शब्द इकडचा तिकडं करायला जागा नव्हती.

पान एकाहत्तर हा त्यातला सगळ्यांत अवघड भाग. फाटकवाला मुलीचा गळा दाबतो. दुरून गाडीची शिट्टी ऐकू येते. त्याचे हात थबकतात, आणि तिथून त्याचं आठ ओळींचं भाषण सुरू होतं. "थंडीत ह्याच गळ्याला मी मफलर गुंडाळायचो. तुला टोचायचा, तू ओढून काढायचीस, मी पुन्हा गुंडाळायचो..." असं लहानपणचं सांगता सांगता त्याची बोटं एकेक करून सुटत जायची. मालक ते इतकं हळू म्हणायचे की शेवटच्या रांगेतली माणसं पुढं वाकायची. तिथं टाळी पडत नसे. नुसती शांतता पसरायची. टाळी पडायची ती त्याच्या आधी, गळा धरताना.

चौदा वर्षं असं चाललं. गावं बदलली, नाट्यगृहं बदलली, नाटकातल्या रेल्वे गार्डचं काम करणारे नट तीन वेळा बदलले. मास्तर वारले. त्यांच्या घरच्यांनी कपाट आवरलं आणि मूळ संहिता इतर कागदांबरोबर रद्दीत गेली. आता विचारून कापायचं तर कुणाला विचारणार?

त्याच सुमारास मालक पहिल्यांदा अडखळले.

नट अडखळतोच, त्यासाठीच तर मी आहे. पण वहिनींनी शब्द सोडला आणि मालकांनी तो उचललाच नाही. त्यांनी विंगेकडं पाहिलं. ओळख नसलेल्या माणसानं हाक मारल्यावर आपण पाहतो, तसं. चिऊनं प्रसंग सावरून नेला. प्रयोग संपल्यावर मालक हसून म्हणाले, "झोप झाली नव्हती गं." वहिनीही हसल्या. पण मला बंद करताना त्यांनी त्या पानाचा कोपरा दुमडला, ते फक्त मला कळलं.

पुढच्या प्रयोगाआधी त्यांनी माझ्यावर शिसपेन्सिलीची पहिली रेघ मारली. दुसऱ्या अंकातलं एक लांब स्वगत. आजच्यापुरतं.

ते आजच्यापुरतं कधी परत आलं नाही. महिन्याभरात तिथं शाईची रेघ आली. मग शेजारची दोन वाक्यं गेली, मग पहिल्या अंकाचा शेवट. मालकांना जे आठवत नसे ते वहिनी काढून टाकत, आणि उरलेलं रोज सकाळी चहाबरोबर त्यांच्याकडून घोकून घेत. चिऊला सगळं माहीत होतं. बाबांची वाक्यं ती स्वतःच्या तोंडी घेऊ लागली. पूर्वी ते अर्धं पान बोलून जे सांगत, ते ती विचारायची, "त्या दुपारी तुम्हाला झोप लागली होती, हो ना?" आणि मालकांनी फक्त "हो" म्हणायचं. एका समीक्षकानं वर्तमानपत्रात लिहिलं की, मालकांचा अभिनय आता अधिक संयत झाला आहे. वहिनींनी ते कात्रण मालकांना दोनदा वाचून दाखवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ मोठा सोडून उभ्या राहिल्या.

एकदा प्रयोगाआधी मालकांनी मला हातात घेतलं. पानं चाळली. सगळीकडं रेघाच रेघा.

"एवढं कापलंस?" ते म्हणाले.

"लोकांना आता छोटी नाटकं आवडतात," वहिनी म्हणाल्या.

"मला दिसतंय ना किती कापलंय ते."

त्या दिवसानंतर वहिनींनी पद्धत बदलली. पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, खळ लावली आणि गाळलेल्या मजकुरावर चिकटवल्या. कापलेलं दिसतच नव्हतं. नाटक पहिल्यापासून एवढंच होतं असं वाटावं. मला मात्र पट्टीखाली गुदमरायला व्हायचं. रेघ मारलेला शब्द निदान वाचता येतो.

आणि काय काय गेलं, ते बघा. रागाची वाक्यं छोटी असतात. "चूप बस." "कुणाला सांगणार आहेस?" "माझ्या घरात राहून?" ती मालकांना पाठ राहायची. मायेची वाक्यं लांब. ती वळणं घेत, आठवणी काढत, हळूहळू मुक्कामाला पोचतात. तीच अडखळायची. म्हणून कात्री दर वेळी तिथंच लागायची. वहिनींच्या हे ध्यानात आलं नाही. त्या रात्रंदिवस एकच गोष्ट बघत होत्या, की माणूस चारचौघांत उघडा पडू नये. दोन वर्षांत नाटक दीड तासाचं झालं आणि फाटकवाला नुसता रागीट माणूस उरला.

एकाहत्तराव्या पानाला त्यांनी हात लावला तो सगळ्यांत शेवटी. आठ ओळींच्या चार झाल्या, चारांच्या दोन. शेवटी एका प्रयोगाला मालक "थंडीत..." एवढंच म्हणून थांबले आणि थांबूनच राहिले. प्रेक्षागृहात खोकला सुरू झाला. दुसऱ्या दिवशी वहिनींनी पट्टी कापली.

"आई, तेवढं ठेव," चिऊ म्हणाली.

"त्यांना नाही गं येत आता ते."

"मग मी म्हणते. 'बाबा, तुम्ही मफलर गुंडाळायचात' असं मी म्हणते."

"गळा दाबलेला असताना?"

खरंच, ते जमण्यासारखं नव्हतं. असं ठरलं की शिट्टी वाजली की मालकांनी हात सोडायचे आणि खाली बसायचं. वाक्य नाही. वहिनींनी पट्टी चिकटवली आणि नखानं कडा दाबल्या.

सात प्रयोग नीट झाले. आठव्याला शिट्टी वाजली नाही.

दोष कुणाचाच नव्हता. आवाजाचं यंत्र बिघडलं. यंत्रावर बसलेला माणूस बटण दाबत होता, वायर हलवत होता. रंगमंचावर मालकांनी चिऊचा गळा धरलेला. दुसरा कुणी नट काय करेल? शिट्टी नाही तर नाही, हात सोडून पुढं जाईल. मालक थांबले. म्हणजे हात तिथंच राहिले. ते पुढच्या इशाऱ्याची वाट बघत होते, आणि वाट बघताना बोटं आवळत होती. काहीतरी व्हायला हवं आणि ते होत नाही, याचा त्यांना राग येत होता. तो राग खरा होता.

वहिनी कुजबुजायला वाकल्या. माझ्यात बघितलं. तिथं पांढरी पट्टी होती. सोळा वर्षं प्रत्येक नटाला प्रत्येक शब्द देणाऱ्या त्या बाईजवळ त्या क्षणी द्यायला एक शब्द नव्हता. चिऊचे पाय फळ्यांवर घासत होते. तोही अभिनय असेल, असं मला वाटलं. वहिनी मोठ्यानं ओरडल्या, "अहो!"

मालकांनी वळून पाहिलं नाही. 'अहो' हा शब्द त्यांच्या भूमिकेत नव्हता.

मी खाली पडले, म्हणून पुढचं मला जमिनीवरून दिसलं. गार्डचं काम करणारा नट टोपीशिवाय तसाच विंगेतून धावला आणि त्यानं मालकांची बोटं उपटून काढावी तशी काढली. चिऊ कोसळली. कुणीतरी पडदा ओढला. पडद्यापलीकडं लोक उभे राहिले होते. एवढ्या टाळ्या त्या नाटकाला कधीच पडल्या नव्हत्या.

रंगपटात चिऊ ओला टॉवेल गळ्याला लावून बसली होती. मालक आरशासमोर. मालक म्हणाले, "तिथं माझं एक वाक्य होतं."

वहिनींनी खाली पाहिलं.

"होतं ना? मी शोधत होतो ते. कुणी काढलं?"

"मी काढायला सांगितलं, बाबा," चिऊ म्हणाली. कागद फाटावा तसा आवाज तिच्या तोंडून आला. वहिनी काही बोलल्या नाहीत, आणि हे मी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

कंपनी बंद झाली. चिऊचा आवाज परत आला, पण अर्धाच. ती दुसऱ्या गावी एका कचेरीत नोकरीला लागली, जिथं फारसं बोलावं लागत नाही. मी मालकांच्या घरी आले. दोन खोल्या, एक खिडकी, खिडकीपाशी मालकांची खुर्ची.

डॉक्टर तपासायला आले तेव्हा मी टेबलावरच होते. ते वहिनींना म्हणाले, "हळूहळू सगळंच पुसलं जाईल. पण जे रोज घोकलंय ते शेवटपर्यंत राहील. देवाचं नाव, गाणं, पाढे, जे असेल ते. हे रोज काय म्हणायचे?"

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. रोज आपण घोकून घेतलं ते नुसतं रागाचं उरलं होतं, हे त्या क्षणी त्यांना उलगडलं असावं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी किटलीत पाणी उकळलं आणि मला वाफेवर धरलं. पट्ट्या सोडवायला. काही सुटल्या. बऱ्याचशा सुटताना खालचा मजकूर घेऊन सुटल्या. एकाहत्तरावं पान मधोमध फाटलं. वहिनींनी गाळलेलं सगळं आठवून आठवून माझ्या उजव्या अंगाला पुन्हा लिहिलं. अक्षर सुरेख काढलं. मग खुर्चीसमोर बसून वाचलं, "म्हणा, थंडीत ह्याच गळ्याला..."

"हे माझं नाही," मालक म्हणाले.

"तुमचंच आहे. तुम्ही चौदा वर्षं म्हणत होतात."

"चूप बस."

हे त्यांचं होतं. हे त्यांना पाठ होतं.

तीन आठवडे त्या रोज वाचत राहिल्या. गेलेलं वाक्य वहीत परत घालता येतं, माणसात नाही.

चिऊ सुट्टीला आली तेव्हा मालकांनी तिला ओळखलं. मुलगी म्हणून नव्हे, नाटकातली म्हणून. ती चपला काढून आत आली आणि ते खुर्चीतून उठले. "कुणाला सांगणार आहेस?" ते म्हणाले. सरळ तिच्यापाशी आले. वहिनी मध्ये शिरल्या. चिऊ दोन दिवस राहणार होती, ती तासाभरात गेली.

नंतर फोनवर वहिनी तिला म्हणाल्या, "तूर्तास येऊ नकोस."

पलीकडचं मला ऐकू आलं, कारण फोन माझ्यावरच ठेवला होता.

"तूर्तास म्हणजे किती?"

"मी सांगेन ना."

"आई, तुझं तूर्तास मला माहितीये. तू आता मलाही कापतेयस."

वहिनींनी फोन ठेवला. मालक विचारत होते, "मुलगी आली का?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला मुलगी नाही." मग त्या माझ्यापाशी बसल्या आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मुलीच्या नावावर रेघ, तिच्या प्रत्येक वाक्यावर रेघ. एकशे बारा पानं. शाईनं. डोळे पुसायलासुद्धा थांबल्या नाहीत. मालकांनी रोज विचारलं, आणि रोज त्यांना तेच उत्तर मिळालं. आठवडाभरानं त्यांनी विचारणं सोडलं.

मग अकरा दिवस घर शांत होतं. मालक जेवायचे, खिडकीतून बघायचे, सांगितलं की उठायचे, सांगितलं की बसायचे. वहिनींनी फोनजवळ जाऊन दोनदा चिऊचा नंबर फिरवायला घेतला आणि फोन ठेवून दिला. एवढ्यात नको, असं त्यांच्या मनात असेल. आणखी थोडं जाऊ दे.

पण कंपनीत एक रीत होती, ती वहिनी विसरल्या. एखादं पात्र काढून टाकलं तरी त्याचं काम संपत नाही. त्याच्याशी जे बोलायचं असतं ते उरतंच. ते मग रंगमंचावर जो शिल्लक असेल त्याच्याशी बोललं जातं. हे कुणी शिकवत नाही. जुन्या नटाच्या ते अंगात असतं.

आज संध्याकाळी वहिनी दिवा लावून मला मांडीवर घेऊन बसल्या. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावं. सवय. मालकांनी खिडकीकडून मान वळवली. बराच वेळ त्यांच्याकडं पाहिलं. डोळ्यांत जाग आली होती, अशी जाग मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. वहिनी आनंदून म्हणाल्या, "काय हो? ओळखलंत?"

"हो," मालक म्हणाले. "तूच ना ती? कुणाला सांगणार आहेस?"

तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, कुणी दुसऱ्याचं लिहिलेलं नीटनेटकं करत असेल, तर माझं एवढंच मागणं आहे. कापा, छाटा, लहान करा, मला त्याचं वाईट वाटत नाही. पण जे लांबण वाटतं, ज्याला टाळी पडत नाही, ते काढण्याआधी एकदा बघा की त्याच्या आधारानं कुणाचे हात सुटतात. आणि चिकटपट्टी लावू नका. रेघ मारा. मारलेली रेघ निदान दिसते.

मला आता थांबायला हवं. वहिनींची बोटं माझ्या पानांतून भराभर फिरताहेत, मागं, पुढं, पुन्हा मागं. त्या वाक्य शोधताहेत. मालक खुर्चीतून उठलेत आणि दोन पावलं पुढं आलेत. दाराला आतून कडी आहे.

आणि विंगेत आज कुणी नाही.